सरासरी मानेच्या उशा

धंदा कसा करावा हे घटकसरांना इतकं चांगलं माहीत होतं, की तो करून बघायची गरज त्यांना कधी वाटलीच नाही. कॉलेजात ते वाणिज्य शिकवायचे आणि उरलेल्या वेळात 'लघुउद्योगांच्या यशाचे घटक' या विषयावर व्याख्यानं द्यायचे. भांडवल हा एक घटक, बाजारपेठ हा एक घटक, सरकारी धोरण हा तर फारच नाजूक घटक, असं सांगता सांगता लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि घटकसर हे नाव चिकटलं. पोस्टमनसुद्धा जिन्याखालून त्याच नावाने हाक मारायचा.

अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बाहेरच्या खोलीत, त्याच्याच बायकोने एकाही घटकाचा विचार न करता धंदा सुरू करावा, आणि वर तो चालावा? सरांच्या मनाला हे फार लागलं.

झालं होतं एवढंच, की सरांची मान धरली होती. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला, पण त्याने मान सुटायच्या ऐवजी सरांचा चेहरा तेवढा जास्त गंभीर दिसायला लागला. मग वहिनींनी (सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू) शिंप्याकडून चिंध्या आणल्या, बारीक कातरल्या, कापसात कालवल्या, नवऱ्याच्या मानेखाली हात घालून उंचीचा अंदाज घेतला आणि एक उशी शिवून दिली. मान सुटली. ती सुटलेली समोरच्या काकूंनी पाहिली, आणि काकूंनी पाहिलं म्हणजे इमारतीने पाहिलंच. मग एकेक जण मान धरून यायला लागला. वहिनी त्याला दिवाणावर आडवं करायच्या, मानेखाली हात घालायच्या, "हं, उठा" म्हणायच्या आणि चार दिवसांनी उशी द्यायच्या.

वहिनींना हे हवंच होतं. त्या जिथे शिवणकाम करायच्या ते दुकान बंद पडलं होतं, आणि तेव्हापासून त्यांची थोरली बहीण हात धुऊन मागे लागली होती. "आमच्या ह्यांच्या ऑफिसात ये. पत्रं लिहायची, फोन घ्यायचा. घरचंच माणूस म्हटल्यावर रजाबिजा मागायचा प्रश्नच नाही." ताईंकडे घरच्या माणसाला रजा कशी मिळते हे वहिनी लहानपणापासून बघत आल्या होत्या. "मला सहा महिने दे ताई," त्या म्हणाल्या होत्या, "नाही जमलं, तर येते मुकाट्याने." ताईंनी लगेच टेबल पुसून ठेवलं होतं.

आता एवढं सगळं पणाला लागलेलं असताना नवऱ्याने काय करावं? लांब राहावं. पण सर लांब राहिले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"हा धंदा नाही, ही हौस आहे," एका सकाळी चहा पिता पिता सर म्हणाले. "प्रत्येक मानेला वेगळी उशी! अशाने तू आयुष्यभर कारागीर राहशील. उद्योजक होणार नाहीस."

"राहू दे की. कारागिराला ताईकडे जावं लागत नाही ना, मग झालं."

"प्रमाणीकरण!" सरांनी बशी खाली ठेवली. "एकच माप. ते एकदा ठरलं की शेकड्याने काढता येतं. मोठ्या फर्निचरच्या दुकानात ठेवता येतं."

वहिनींनी नाक मुरडलं आणि मशीनवर बसल्या. मग सरांनी अबोला धरला. सरांचा अबोला ही साधी गोष्ट नव्हती. तो फार बोलका होता. ते वहिनींशी बोलायचे नाहीत, पण वहिनींच्या देखत भिंतीशी, कपाटाशी आणि विशेषतः मशीनशी बोलायचे. "आमचं कोण ऐकतं!" असं ते मशीनला इतक्या वेळा म्हणाले, की शेवटी वहिनींनी हात टेकले.

मग सर टेप घेऊन निघाले. बरोबर वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका होते. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात त्यांचा दिवस जायचा. दोघांनी सगळी इमारत मोजली. खांद्यापासून कानापर्यंतचं अंतर. व्यायामशाळावाल्याला मान आहे याचा पुरावाच सापडेना. देवाने घाईघाईत डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिलेलं. काकूंनी आपल्या तान्ह्या नातवाचीही मोजायला लावली, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं म्हणे. स्वतः काकांची मान मात्र इतकी लांब, की टेप कुठे थांबवावा यावर थोडा वाद झाला. मग सरांनी सगळ्या मानांची बेरीज केली, भागाकार केला, आणि दशांश चिन्हापुढचा आकडा सोडायचा नाही असा हट्ट धरला.

"ही घे," ते विजयी मुद्रेने म्हणाले. "आदर्श मान."

वहिनींनी कागद बघितला. "ही कोणाची?"

"कोणाचीच नाही. सरासरी आहे."

"मग हिच्यावर झोपणार कोण?"

सर आकडा पुन्हा तपासायला लागले. काकांनी मात्र 'सगळेच' असं उत्तर दिलं.

वहिनींनी साठवलेला कापूस, आणलेलं कापड, सगळं त्या एका मापात घातलं. बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या उशांचा ढीग लागला. सर त्याकडे ज्या प्रेमाने बघायचे त्या प्रेमाने त्यांनी आपल्या लग्नाचे फोटोही कधी बघितले नव्हते. फर्निचरवाल्याने, "आधी तुमच्या इमारतीत काय म्हणतात ते सांगा," असं म्हणून काही उशा घेतल्या आणि इमारतीतल्यांनीही कौतुकाने एकेक नेली.

आणि मग त्या परत यायला लागल्या. व्यायामशाळावाला म्हणाला, यावर झोपलं की डोकं छताला टेकेल असं वाटतं. काकूंची तक्रार वेगळीच होती. "उशी छान आहे हो, पण ती घेतल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. इतक्या वर्षांत ह्यांचं घोरणं मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं." बँकवाल्या काकांची मान डावीकडे वळली ती तिथेच अडकली. जिन्यात समोरून कोणी आलं की काका तोंड फिरवून जात आहेत असं वाटायचं, आणि त्या आठवड्यात इमारतीतल्या तीन कुटुंबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. एवढं होऊनही काका सल्ला देतच होते, फक्त तो भिंतीला दिल्यासारखा वाटायचा. फर्निचरवाल्याने तर उशा हातगाडीवर घालून पाठवल्या. बरोबर निरोप एकच, की जागा अडते.

ताई नेमक्या त्याच दिवशी आल्या. बसायला जागा नव्हती म्हणून उशांच्या ढिगावरच टेकल्या आणि हळूहळू त्यात रुतत गेल्या.

"अगं, एवढ्या उशा! कोण पाहुणे येणार आहेत?" रुतल्या जागेवरून त्या म्हणाल्या. "बरं, टेबल पुसून ठेवलंय हो मी. खिडकीजवळचं नाहीये. पण तुला कशाला हवी खिडकी?"

वहिनी चहा करायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सर दारात उभे होते. त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गप्प बसणाऱ्यातले सर नव्हते. वाईट वाटलं की त्यांना नवीन घटक सुचायचा.

"परवाना!" ताई गेल्यावर ते म्हणाले. "आपल्याकडे परवानाच नाही. शासनमान्य शिक्का नसेल तर मानेला तरी विश्वास कसा वाटणार?"

"तुम्ही जा," वहिनी थकून म्हणाल्या. "जा, आणि सावकाश या."

सर नमुना म्हणून दोन उशा काखेत मारून परवाना कार्यालयात गेले. एक लांबलचक बोळ, त्यात भिंतीला लागून लाकडी बाकं, आणि बाकांच्या फळ्यांतून खिळे असे वर आलेले, की बसणारा माणूस सरकारी कामाचं गांभीर्य क्षणभरही विसरू नये. समोर तीन खिडक्या. पहिल्या खिडकीतला म्हणे, आधी तिसरीवरून शिक्का आणा. तिसरीतला म्हणे, पहिलीवरच्या सहीशिवाय शिक्का कसा मारू? दुसऱ्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती आणि ती बंद होती. तिथला माणूस तिसऱ्या खिडकीवर चौकशी करायला गेला होता.

पहिल्या खिडकीतला निघाला सरांचाच जुना विद्यार्थी. सरांचा जीव भांड्यात पडला. त्याने उठून नमस्कारही केला.

"सर! तुमचं व्याख्यान अजून पाठ आहे मला. नियम सर्वांना समान, हा घटक!"

"हो, हो. पण माझं जरा—"

"म्हणूनच तुमचं काम मी अजिबात आधी करणार नाही," तो भरल्या गळ्याने म्हणाला. "बसा सर."

सर बसले. लगेच उठले. मग उशा मांडीवर घेऊन बेताने बसले. असे किती दिवस गेले ते विचारू नका. कॉलेज सुटलं की सर बोळात. तिथली माणसं आता चेहऱ्याने ओळखीची झाली होती. सायकल दुरुस्तीवाला होता, बेकरीवाला होता, आणि एक पार्लरवाल्या बाई होत्या. त्यांनी अर्ज केला तेव्हा दुकानाची त्या वेळच्या फॅशनची पाटी रंगवली होती, ती आता पुन्हा फॅशनमध्ये यायच्या बेतात होती.

एका दुपारी त्या बाईंनी सरांकडे बघितलं, उशांकडे बघितलं आणि सरळ म्हणाल्या, "जरा ती एक द्या इकडे."

सर काही बोलायच्या आत बाईंनी उशी बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. मग डोळे मिटून त्यांनी असा एक सुस्कारा सोडला, की खिडक्यांतली माणसं डोकावून बघायला लागली.

"अहो बाई!" सर ओरडले. "ती मानेसाठी आहे!"

"असेल. पण सध्या माझी मान दुखत नाहीये."

बोळभर हशा पिकला. दुसरी उशी सायकलवाल्याने मागितली नाही, ओढूनच घेतली. बेकरीवाला म्हणाला, आता मी काय गुन्हा केलाय? सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. दशांश चिन्हाच्या पुढपर्यंत मोजलेली आदर्श मान, आणि तिच्यावर हे लोक काय टेकवत होते!

घरी येऊन त्यांनी हा अपमान वहिनींना साग्रसंगीत ऐकवला. वहिनी कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली.

"किती वेळ बसल्या त्या?"

"कार्यालय बंद होईपर्यंत! उठायलाच तयार नाहीत!"

"आणि उठल्यावर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, उद्या येताना आठवणीने आणा. म्हणजे निर्लज्जपणाची हद्द—"

पण वहिनी मशीनपाशी पोचल्याही होत्या. त्यांनी ढिगातली एकेक उशी घेतली, कडेला एक घट्ट शिवण मारली आणि हातात धरायला एक बंद लावला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गाठोडं घेऊन कार्यालयाच्या बोळात हजर. दुपार टळायच्या आत गाठोडं रिकामं झालं होतं. सरांची सरासरी अगदी बरोबर होती हो, फक्त अवयव चुकला होता. मानेच्या बाबतीत माणूस हट्टी असतो, पण बसायच्या बाबतीत बराचसा समजूतदार असतो.

सरांची मात्र चार लोकांत शोभा झाली. बायको विकतेय आणि आपण रांगेत. ते भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं सोंग करायचे. वहिनी मुद्दाम हाक मारायच्या, "अहो, जरा हे गाठोडं धरा!" आणि सगळा बोळ सरांकडे बघायचा.

त्यात एकदा विद्यार्थ्याने खिडकीतून खुणेने बोलावलं. "सर, परवान्याशिवाय विक्री? आणि तीही परवाना कार्यालयात?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पेपरात बातमी, प्राचार्यांसमोर खुलासा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं.

विद्यार्थी हळू आवाजात म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही. फक्त माझी खुर्ची फार टणक आहे. तिच्यावर एक असती, तर मला नीट बसून न पाहता आलं असतं."

सर एक उशी उचलून देणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात धरला. "थांबा. फुकट दिली तर ती लाच होईल. विकत घेऊ दे, म्हणजे गिऱ्हाईक होईल." आणि त्यांनी त्याच्याकडून पूर्ण दाम घेतले. तिसऱ्या खिडकीवाल्यानेही घेतली. दुसऱ्या खिडकीवाल्याने बंद खिडकीआडून हात बाहेर काढून घेतली.

मग काय विचारता! बोळातून बातमी पाणीपट्टी कचेरीत गेली, तिथून कोर्टाच्या आवारात, तिथून दवाखान्यात. जिथे म्हणून माणूस ताटकळत होता तिथे वहिनींची उशी पोचत होती. व्यायामशाळावाल्याची बायको आणि काकूंची सून कामाला यायला लागल्या. बाहेरच्या खोलीत दिवसभर मशीनची घरघर, चहा आणि हसणं. सरांचा परवाना तेवढा राहिला होता. उशी मानेसाठी म्हणून अर्ज केलेला, आणि आता ती बसायची वस्तू झाल्यामुळे नवा अर्ज, नवी सही, नवा शिक्का. पण कोणाला घाई होती?

अन् अशा सोन्यासारख्या दिवसांत कार्यालयाला नवे साहेब आले.

तरुण, हुशार, कामाचा ध्यास घेतलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बोळातून एक चक्कर मारली आणि त्यांचा चेहरा पडला. "ही इतकी माणसं इथे बसतात? उशा घेऊन?" पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, उशा आत्ता आल्या. आधी नुसतेच बसायचो." साहेबांनी त्या क्षणी ठरवलं, की महिन्याभरात या बोळात एकही माणूस बसलेला दिसता कामा नये. आणि या कामी मार्गदर्शन कोणाचं घ्यावं? विद्यार्थ्याने भक्तीने नाव सुचवलं.

सर साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी उठून खुर्ची दिली. इतका मान सरांना या कार्यालयात पहिल्यांदाच मिळत होता.

"सर, मला एकच गोष्ट सांगा," साहेब म्हणाले. "काय केलं म्हणजे या लोकांना इथे बसावं लागणार नाही?"

उत्तर सरांच्या जिभेवर होतं. इतके दिवस बोळात बसून त्यांनी ते तोंडपाठ केलं होतं. पहिली आणि तिसरी खिडकी एक करा. सही आणि शिक्का एकाच हाती द्या. बस. अर्ध्या दिवसात बोळ रिकामा. आयुष्यभर ज्या दिरंगाईवर ते टेबलं बडवत आले होते ती एका वाक्याने संपणार होती, आणि ऐकायला साक्षात सरकार समोर बसलं होतं. सरांचा ऊर भरून आला. त्यांनी घसा साफ केला.

दार उघडं होतं. बाहेर बोळात वहिनी उभ्या होत्या. खांद्यावर गाठोडं, कपाळावर घाम, आणि सायकलवाल्याशी भावावरून हुज्जत चाललेली. हुज्जत घालता घालता त्या मनमोकळ्या हसल्या. बोळ रिकामा झाला, की मग दवाखाना, कोर्ट, एकेक करत सगळेच शहाणे होतील, आणि ही बाई ताईंच्या त्या पुसलेल्या टेबलापाशी, बिनखिडकीची, फोन घेत बसेल. सरांना बायकोचा एवढा अभिमान वाटला, आणि पुढच्याच क्षणी आपण काय करणार आहोत याची एवढी लाज वाटली, की त्यांनी घसा पुन्हा एकदा साफ केला.

"साहेब, प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे. यात अनेक घटक आहेत. घाई करून चालणार नाही."

"मग?"

"समिती नेमा."

साहेबांचे डोळे चमकले. "उत्तम! आणि अध्यक्ष तुम्हीच!"

सर घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा फोडणी करपल्यासारखा झाला होता. त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले आणि झाला प्रकार मान खाली घालून सांगितला. खिडक्या, जिभेवरचं उत्तर, समिती, अध्यक्षपद, सगळं. एका मिनिटात तत्त्वं विकली, असंही म्हणाले. बायको रागावेल, की कौतुक करेल, की ताईंसारखं टोचून बोलेल, याचा त्यांना काही अंदाज येईना.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पाय थांबवला. मग उठल्या, आतून चहा आणला, बशीत बिस्किटं ठेवून त्यांच्यापुढे केला, आणि कात्री हातात घेत विचारलं,

"समितीत माणसं किती?"

सरांनी वर बघितलं. मग त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

"तू म्हणशील तितकी," ते म्हणाले.